मुळाची हाक आणि टारफुला



ही गोष्ट माझ्या लहानपणीची. भुलाबाई बसली होती. थोरली बहीण आणि मी जवारीच्या वावरातून इवल्याशा पांढऱ्या फुलांची दुरडीभर रोपे उपटून आणली, भुलाबाईपुढे आरास करावी म्हणून. आजी ओट्यावर निवडत बसली होती. तिने दुरडी पाहिली आणि हातातले सूप खाली ठेवले. "हे कायले आनलं व? हे जवारीचं रगत पेते. फेक ते पयले." आम्ही घाबरून दुरडी घेतली आणि घरामागच्या वाडीत रिकामी केली. पुढे दोन-तीन वर्षांनी त्याच वाडीत चार तास मका पेरला, तर तो गुडघ्याएवढाच राहिला आणि त्याच्या बुडाशी तीच पांढरी फुले हसत उभी.

ती फुले म्हणजे टारफुला. काही गावांत तवली म्हणतात, शास्त्रात नाव स्ट्रायगा. आपल्या कळंब भागातील जुन्या माणसांना तो ज्वारीमुळे ठाऊक आहे. आता ज्वारी कमी झाली, पऱ्हाटी आणि सोयाबीन आले, त्यामुळे तिशीतल्या सभासदांपैकी पुष्कळांनी तो ओळखून पाहिलेलाच नाही. परंतु बेंबळ्याच्या कालव्याचे आणि विहिरींचे पाणी मिळाल्यावर जुन्या जवारीच्या हलक्या वावरांत ऊस उभा राहू लागला आहे. ऊस हा ज्वारीचाच भाऊबंद, दोघेही गवताच्या कुळातले. टारफुल्याला दोन्ही चालतात. कर्नाटकात बेळगावच्या बाजूला उसातल्या टारफुल्याने शेतकऱ्यांना त्रास दिलेला आहे. म्हणून त्याची ओळख आधीच करून घेतलेली बरी.

मागच्या हंगामात एक वयस्क सभासद गट कार्यालयात आले. त्यांच्या खोडव्यात एका कोपऱ्यात ऊस पिवळा पडून खुजा राहिला होता. पाणी होते, युरिया दिला होता. बुडाशी टारफुला दिसला तेव्हा त्यांनी घरच्या माणसांना लावून सगळा उपटला. तरी ऊस उठेना. त्यांचा प्रश्न होता, "साहेब, तन उपटून टाकलं, मंग ऊस काहून पिवळाच?"

या प्रश्नाचे उत्तर जमिनीखाली आहे.

दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो

टारफुल्याचे रोप वीतभर ते हातभर उंच. पाने अरुंद, खरखरीत. फुले आपल्याकडे बहुधा पांढरी. हिरवे असल्यामुळे ते स्वतःचे थोडेफार अन्न तयार करते, पण तेवढ्यावर त्याचे भागत नाही. पाणी, क्षार आणि अन्नाचा मोठा वाटा ते पिकाच्या मुळातून ओढते. अशा वनस्पतीला परोपजीवी म्हणतात आणि जिच्यावर ती जगते तिला यजमान. अमरवेलही परोपजीवीच, पण ती खोडावर पिवळ्या दोऱ्यांसारखी लोंबते आणि दुरून दिसते. टारफुल्याचा कारभार मात्र मातीच्या आड चालतो.

त्याचे बी धुळीच्या कणासारखे असते. लांबी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. तळहातावर घेतले तर बी आहे हे सांगावे लागते. एक चांगले माजलेले रोप पन्नास हजारांच्या वर बी टाकू शकते. ते वाऱ्याने, पावसाच्या लोंढ्याने, वखराच्या पासेला चिकटून, बैलाच्या खुराला लागून आणि चाऱ्यातून शेणखतात जाऊन पसरते. जमिनीत ते दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही जास्त, जिवंत राहते.

इतक्या बारीक बियात शिदोरी ती किती असणार? हरभऱ्याचे बी उगवले की त्याच्या दोन डाळींवर आठवडा काढते. टारफुल्याच्या अंकुराजवळ जेमतेम काही दिवस पुरेल एवढेच अन्न असते. तेवढ्या वेळात त्याचे मूळ काही मिलिमीटर वाढते. त्या अंतरात यजमानाचे मूळ सापडले नाही तर खेळ संपला. म्हणून ते बी पाऊस पडला की उगवले असे करत नाही. आधी आठवडा-दोन आठवडे ओलाव्यात आणि उबेत तयार होते आणि मग थांबते. जवळ मूळ आल्याची खूण मिळाल्याशिवाय अंकुर बाहेर काढत नाही.

अंकुर मुळाला चिकटल्यापासून रोप जमिनीवर डोकावेपर्यंत सुमारे महिना ते दीड महिना जातो. तोवर पिकाचे जे व्हायचे ते बरेचसे झालेले असते. वर उल्लेखिलेल्या सभासदांनी रोप उपटले ते चांगलेच केले, पण त्या वर्षाच्या नुकसानाला ते उशिराचे होते. शिवाय वर आलेल्या एका रोपामागे मुळांना चिकटलेली आणि अजून वर न आलेली आणखी रोपे असतात. उपटण्याचा खरा फायदा पुढच्या वर्षांना मिळतो, कारण बी पडत नाही.

पऱ्हाटीच्या मुळाने दिलेला पुरावा

मुळाची ती खूण कोणती, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे सुटत नव्हता. त्याला वेग आला तो अमेरिकेत. १९५६ साली तिथल्या उत्तर व दक्षिण कॅरोलिना राज्यांत मका वाळू लागला. कीड नाही, बुरशी नाही. शेवटी भारतातून तिकडे शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने बुडाशी उभे असलेले रोप ओळखले : हा तर आमच्याकडचा टारफुला! तपासणी सुरू झाली तेव्हा पुढे चार लाख एकरांहून अधिक जमिनीत तो सापडला. अमेरिकन सरकारने त्या जिल्ह्यांतून माती, चारा, यंत्रे बाहेर नेण्यावर बंधने घातली आणि संशोधनावर पैसा ओतला.

१९६६ मध्ये कुक, वॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खूण मुळाच्या पाझरातून वेगळी काढली आणि तिला स्ट्रायगॉल असे नाव दिले. (यातले मन्रो वॉल म्हणजे कर्करोगावरील टॅक्सॉल शोधणाऱ्या जोडीतले एक. दुसरे मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे.) आता मौज अशी की हा पदार्थ त्यांना ना मक्याच्या मुळात मिळाला ना ज्वारीच्या. त्यांनी तो काढला कापसाच्या मुळांच्या पाझरातून. आणि कापसावर तर टारफुला जगतच नाही!

म्हणजे असे होते. पऱ्हाटीचे मूळ मातीत पसरते, त्यातून स्ट्रायगॉल पाझरतो. टारफुल्याचे बी समजते की यजमान आला. अंकुर बाहेर पडतो, मुळापाशी जातो, पण तिथे त्याला दार उघडून मिळत नाही. चार-आठ दिवसांत शिदोरी संपते आणि अंकुर वाळून जातो. बी फुकट गेले. आपले वाडवडील "पऱ्हाटीच्या वावरात जवारी, जवारीच्या वावरात पऱ्हाटी" अशी पालट करीत. त्याला अनेक कारणे होती, पण त्यात नकळत हेही काम होत होते. पऱ्हाटीचे प्रत्येक वर्ष टारफुल्याच्या बियांचा साठा काही प्रमाणात रिकामा करीत होते आणि नवीन बी पडू देत नव्हते. सोयाबीन आणि भुईमूगसुद्धा असेच काम करतात.

एका हंगामात सगळा साठा संपतो असे मात्र कोणी समजू नये. मुळाच्या अगदी जवळचे बीच जागे होते. दोन-तीन वर्षे पालट ठेवावी लागते.

मूळ ही हाक मारतेच कशाला?

इथे कोणाही शेतकऱ्याच्या मनात येईल, की चोराला बोलावणारा पदार्थ मूळ बाहेर सोडतेच का? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही चाळीस वर्षे सतावत होता. उत्तर २००५ साली जपानमध्ये आकियामा व सहकाऱ्यांनी दिले.

ती हाक चोरासाठी नाहीच. ती मित्रासाठी आहे. जमिनीत एक उपयोगी बुरशी असते, मायकोरायझा. व्हॅम या नावाने तिचे खत आपण पाहिले असेल. ही बुरशी मुळात शिरते, झाडाकडून साखर घेते आणि त्याबदल्यात आपल्या बारीक धाग्यांनी लांबून स्फुरद आणून देते. मूळ जो पदार्थ सोडते त्याने या बुरशीच्या धाग्यांना फांद्या फुटतात आणि ती मुळाकडे सरकते. स्ट्रायगॉलच्या या सगळ्या घराण्याला आता स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. झाडांचा आणि या बुरशीचा सोयरसंबंध कोट्यवधी वर्षांचा आहे. टारफुल्याने मधल्या मधे ती हाक ऐकायला शिकून घेतली, एवढेच.

आणि किती बारीक कान! २०१५ मध्ये संशोधकांनी टारफुल्याच्या बियातली ती प्रथिने शोधली जी हा रेणू पकडतात. कुलुपात किल्ली बसावी तसा रेणू त्या प्रथिनाच्या खोबणीत बसतो आणि बियातली उगवणीची यंत्रणा चालू होते. आफ्रिकेतल्या जांभळ्या फुलांच्या टारफुल्यात अशी अकरा प्रथिने सापडली. अगदी जवळच्या नात्याचे असे प्रथिन इतर झाडांतही असते, पण बहुधा एक-दोन, आणि त्यांचे काम वेगळे. टारफुल्याने त्या एका जनुकाच्या नकला वाढवल्या आणि प्रत्येक नकलेचा कान थोडा वेगळा केला. त्यातले एक प्रथिन इतके तिखट निघाले की सुमारे दीड अब्ज लिटर पाणी मावेल अशा तलावात या जातीचा एक ग्रॅम पदार्थ टाकला तरी त्याला चाहूल लागावी.

आता आपल्या कामाची गोष्ट. मूळ ही हाक सारख्याच जोराने मारत नाही. जमिनीत स्फुरद कमी पडले की हाक वाढते, कारण तेव्हाच मित्र बुरशीची गरज असते. ज्वारीमध्ये नत्र कमी पडल्यावरही हाक वाढते असे आढळले आहे. म्हणजे उपाशी पीक जास्त ओरडते आणि टारफुला अशाच वावरात माजतो. "हलक्या रानात टारफुला" ही म्हातारी माणसे सांगतात ती गोष्ट इथे जुळते.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत दिलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि पिकाला लवकर मिळत नाही. खोडव्याला तर आपण पुष्कळदा स्फुरद देतच नाही. "लागणीला दिला होता की" असे म्हणतो. त्या सभासदांनी युरिया दिला होता हे खरे, पण खोडव्याच्या बुडाशी सुपर फॉस्फेटचा दाणा गेला नव्हता. शेणखत किंवा कारखान्याच्या मळीच्या कंपोस्टात मुरवून, पहारीने बुडाजवळ खोल दिलेला स्फुरद जास्त उपयोगी पडतो.

आणखी एक धागा याला जोडलेला आहे आणि ऊसवाल्याला तो जास्त जवळचा वाटेल. २००८ साली फ्रान्समधल्या आणि जपानमधल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवले की हेच स्ट्रायगोलॅक्टोन झाडाच्या आतही काम करते. ते फुटव्यांना आवर घालणारे संप्रेरक आहे. भाताच्या काही बुटक्या वाणांना बेसुमार फुटवे येतात. त्यांच्यात हे संप्रेरक तयारच होत नाही किंवा त्याची खूण घेतली जात नाही, असे निघाले. स्फुरद कमी असला की झाड जपून वागते : वर फुटवे कमी काढते आणि खाली बुरशीला बोलावते. एकच रेणू दोन्ही निरोप पोचवतो. हे बारकाईने तपासले गेले ते भातात आणि इतर पिकांत, पण ऊसही त्याच कुळातला. स्फुरदाच्या भुकेल्या खोडव्यात फुटवे विरळ का, आणि त्याच कोपऱ्यात टारफुला का, या दोन प्रश्नांची मुळे एकाच ठिकाणी असू शकतात.

मुळात शिरल्यावर

अंकुर मुळापाशी पोचला म्हणजे काम झाले नाही. त्याला आत शिरायचे असते. त्यासाठी त्याला दुसरी खूण लागते आणि तीही यजमानाच्याच घरातली. मुळाच्या पेशींच्या भिंतीत काही पदार्थ असतात, त्यांपासून क्विनोन जातीचा एक रेणू तयार होतो. १९८६ साली तो ज्वारीच्या मुळातून ओळखला गेला. तो मिळाला की टारफुल्याच्या मुळाचे टोक वाढायचे थांबते, फुगते, त्यावर चिकट केस येतात आणि चूषक अवयव तयार होतो. हा अवयव साल फोडून दोन-तीन दिवसांत मुळाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांपर्यंत पोचतो आणि आपली नळी त्या नळीला जोडून टाकतो. कालव्याला रात्री चोरून पाइप लावावा तसा.

पाइप लावला तरी पाणी आपल्याकडे वळायला ओढ हवी. दुपारी ऊन तापले की ऊस आपली पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटून घेतो, पाणी वाचवतो. हे करायला सांगणारे एक संप्रेरक असते, ॲब्सिसिक आम्ल. ते वाढले की छिद्रे मिटतात. टारफुला मात्र छिद्रे उघडीच ठेवतो, रात्रीसुद्धा. त्याच्या पानातून पाणी उडतच राहते आणि त्या ओढीने यजमानाचे पाणी त्याच्याकडे जात राहते. २०१९ मध्ये जपानी संशोधकांना यामागचे कारण सापडले. टारफुल्यातल्या एका प्रथिनात थोडा बदल झालेला आहे, त्यामुळे ॲब्सिसिक आम्लाने कितीही "मिटा" म्हटले तरी त्याचे पान ऐकत नाही. ओल असूनही ऊस दुपारी मान टाकतो, पाने गुंडाळतो, त्याचे इंगित हे.

या देवाणघेवाणीत एक चमत्कारिक गोष्टही घडली आहे. २०१० साली असे आढळले की आफ्रिकन टारफुल्याच्या पेशीत एक जनुक आहे, जे त्याच्या जवळच्या नातेवाइकांत नाही, पण ज्वारीत मात्र आहे. केव्हातरी, हजारो पिढ्यांपूर्वी, यजमानाचे जनुक परोपजीवीच्या अंगात उतरले. आजी म्हणाली होती रगत पेते. तिला जनुकाचे नाव माहीत नव्हते.

आता वावरात काय करायचे

अमेरिकेने जमिनीत इथिलीन वायू सोडून बी फसवून उगवायला लावले. यजमान नसलेल्या रानात ते मेले आणि बहुतेक सगळा टारफुला तिथून हटला. ते यंत्र, तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये फसवी हाक देणारा एक अतिशय प्रभावी कृत्रिम रेणू तयार केला. तत्त्व तेच : बियाला खोटे बोलावून उपाशी मारायचे. दुकानात तो मिळत नाही. आपल्याजवळ त्याच तत्त्वाचे स्वस्त यंत्र आहे, पऱ्हाटी. ज्या वावरात टारफुला दिसला तिथे खोडव्याचा खोडवा घेण्याचा मोह सोडावा, ऊस मोडून दोन-तीन वर्षे पऱ्हाटी किंवा सोयाबीन घ्यावे. कारखान्याच्या पत्रकात ऊस मोडा असे लिहिणे मला सोपे नाही, पण गाळपाला येणारा टनभर खुजा ऊस कोणाच्याच कामाचा नाही.

दुसरी युक्ती जुनीच आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी कडवळ दाट पेरायची आणि टारफुला वर येण्याआधी, पाच-सहा आठवड्यांच्या आत, नांगरून गाडायची. ज्वारीच्या मुळांना बी फसून चिकटते आणि पिकासकट संपते. हे कडवळ कोवळे असते, त्यात विषारी अंश असतो, ते जनावरांना चारू नये. गाडण्याची तारीख मात्र चुकवू नये. चार दिवस आळस झाला आणि फुले आली तर आपणच बी पेरल्यासारखे होते.

ज्वारी घेणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी आहे. इथिओपियात जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी तयार केली आणि त्या कामासाठी त्यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशी ज्वारी काय करते हे २०१७ मध्ये उलगडले. तिच्यातले एक जनुक निकामी आहे, त्यामुळे मुळातून निघणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोनचा घाट बदलतो. मित्र बुरशीला ती हाक कळते, टारफुल्याच्या बियाला नीट ऐकू येत नाही. हाक बंद केलेली नाही, फक्त बोली बदलली. माझ्या मते या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत देखणी गोष्ट आहे.

उसात वर आलेल्या टारफुल्यावर २,४-डी हे तणनाशक चालते. ऊस गवतवर्गीय असल्याने त्याला ते सोसते, रुंद पानाच्या तणाला मारते. परंतु कळंब भागात हे लिहिताना माझा हात अडखळतो. काही वर्षांपूर्वी मीच एका सभासदाला ही फवारणी सुचवली. वारा कोणीकडे आहे हे मी पाहिले नाही. शेजारच्या वावरात पात्यावर आलेली पऱ्हाटी होती. पंधरा दिवसांत तिची नवीन पाने भेंडीच्या पानासारखी चिरलेली, निमुळती निघाली, पाती गळाली. दोन शेजाऱ्यांत वितुष्ट आले ते माझ्या सल्ल्याने, आणि ते मिटवायला मला तीन वेळा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे लागले. पऱ्हाटी या औषधाला फार हळवी आहे, नुसता वाऱ्यावर आलेला तुषार तिला पुरतो. पंप धुतलेला नसला तरी पुढच्या फवारणीत तोच प्रकार होतो. म्हणून जवळ पऱ्हाटी, सोयाबीन, तूर असेल तर २,४-डी चा विचारच करू नये. खुरप्याने निंदावे, थोडेच असेल तर हाताने उपटावे. आणि फवारायचेच झाले तर हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याकडे पाठ आणि डब्यावर दिले असेल तेवढेच प्रमाण. २०१७ च्या हंगामात फवारणीतल्या विषबाधेने जिल्ह्यातली किती घरे बसली हे यवतमाळवाल्यांना सांगावे लागत नाही.

उपटण्याची वेळ फुले येण्याआधीची किंवा फार तर पहिले फूल दिसताच. बोंडे धरली की बी पिकून उडते. उपटलेले रोप धुऱ्यावर टाकू नये, उकिरड्यात टाकू नये, गुरांपुढे टाकू नये. बी गुराच्या पोटातून जिवंत बाहेर पडते आणि शेणखताबरोबर पुन्हा वावरात येते. एका जागी गोळा करून वाळवून जाळावे. टारफुल्याच्या वावरातून वखर, नांगर, ट्रॅक्टर काढताना चिकटलेली माती तिथेच खरवडून टाकावी. त्या वावरातले बेणे दुसऱ्याला देऊ नये. बेण्याच्या कांडीला लागलेल्या मातीत बी जाते.

त्या वयस्क सभासदांच्या खोडव्यात आम्ही गेलो, तेव्हा एक खुजे बेट मातीच्या ढेकळासकट अलगद काढले आणि बादलीत पाणी घेऊन हळूहळू माती सोडवली. उसाच्या तंतूसारख्या मुळांना तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गाठी चिकटलेल्या होत्या आणि काही गाठींतून पांढरे कोंब निघाले होते. वरून उपटून साफ केलेल्या जागेत हे चालू होते. ते बराच वेळ बादलीत पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हा ऊस त्याले सोताच बलावते."

यंदा त्यांनी तो कोपरा मोडून पऱ्हाटी लावली आहे.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस टारफुला दिसण्याचे. कालव्याच्या शेपटाकडील, मुरमाड आणि पूर्वी ज्वारीखाली असलेल्या वावरांतील खोडव्यात तासातून एकदा वाकून फिरावे. ठिकठिकाणी ऊस खुजा, दुपारी मान टाकलेला आणि बुडाशी पांढरी फुले दिसली तर गट कार्यालयात निरोप द्यावा. रोप उपटून पिशवीत घालून कार्यालयात आणू नये, वाटेत बी सांडते. जागेला काडी रोवून खूण करावी, आम्ही वावरात येऊ.